अंतराळवीरांस विजेचें भय

ओल्या हातानें विजेच्या बटणास स्पर्श करूं नये, हें घरांतील लहान मुलांसही ठाऊक असतें. परंतु सुमारें ४०० किलोमीटर उंचीवर, जेथें मेघ नाहींत व जमीनही नाहीं, तेथें अंतराळस्थानकाच्या बाहेर काम करणारासही ह्याच ओलाव्याचें भय बाळगावें लागतें, असें आम्हीं म्हटल्यास कित्येकांस नवल वाटेल.

ती जागा अगदीं रिकामी असते, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. सूर्यकिरणांच्या योगानें तेथील विरळ वायूचे कण फुटून, इलेक्ट्रॉन नांवाचे हलके ऋण कण व जड धन कण सुटे संचार करीत असतात. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाचे विस्तीर्ण सूर्यपंख १६० व्होल्टांची वीज उत्पन्न करितात. तिचें ऋण टोंक स्थानकाच्या सांगाड्यास जोडलेलें आहे. पंखांच्या धन बाजूकडे चपळ इलेक्ट्रॉन झुंडीनें धांवतात, जड धन कण मागें राहतात, आणि सांगाडा भोंवतालच्या मानानें ऋण होत जातो. हा फरक १४० व्होल्टांपर्यंत जाईल, असें आरंभीच्या गणितांत दिसलें होतें.

आतां तो सांगाडा धरून काम करणारा मनुष्य मनांत आणावा. त्याच्या पोशाखांतील धातूच्या भागांवर वीज अडविणारा एक पातळ थर असतो. आंतले कपडे मात्र घामानें ओले झालेले. तो थर फुटून ठिणगी उडाली, तर प्रवाहास वाट त्या ओल्या शरीरांतून, कदाचित् हृदयावरून, मिळावयाची! असा अपघात होईपर्यंत संशोधक थांबले नाहींत, हें आम्हांस विशेष वाटतें.

त्यांचा उपाय मोठा मौजेचा आहे. २००० सालीं स्थानकावर दोन यंत्रें बसविण्यांत आलीं. तीं झेनॉन वायूचा विद्युन्मय झोत बाहेर सोडतात व सांचलेले इलेक्ट्रॉन त्या वाटेनें निघून जातात. आपण येथें जमिनींत तार पुरतों. तेथें वायूचीच तार करावी लागली, म्हणा ना! फरक ४० व्होल्टांच्या आंत ठेवावयाचा, असा बेत. एक यंत्र बिघडल्यास दुसरें आहेच.

पुढें २००६ सालीं ह्या फरकाचें मोजमाप करणारें उपकरण बाहेर लावलें, तेव्हां आंकडे गणिताहून बरेच सौम्य निघाले. तथापि तेवढ्यावरून, मनुष्य दाराबाहेर असतां, वायूची काटकसर करावी हें आम्हांस पटत नाहीं. कारण स्थानक पृथ्वीच्या छायेंतून निघून थंड पंखांवर पहिलें ऊन पडतें, त्या वेळीं फरक एकाएकीं उसळी घेतो. आणि तेथें दिवसास सुमारें १६ सूर्योदय होतात. सहा-साडेसहा तास बाहेर राबणाराच्या वांट्यास अशा चार पहाटा तरी येतात.