विश्लेषण : गाडीची चाके घरीच काळी करताय? ‘सोलता येणाऱ्या’ स्प्रेचे गणित काय?

काळी चाके, काळी ग्रिल आणि क्रोमला रजा. मोटार कंपन्या हा लूक आता कारखान्यातूनच देतात. टाटाने २०१९ मध्ये हॅरिअरची डार्क एडिशन आणली, २०२५ मध्ये महिंद्राने स्कॉर्पिओ-एनची कार्बन एडिशन बाजारात उतरवली. जुन्या गाडीला तसाच चेहरा देण्यासाठी सोलून काढता येणारा रबर स्प्रे विकला जातो. ‘नाही आवडला तर सोलून टाका’ हे त्याचे मुख्य आकर्षण. मात्र नाशिक रोडच्या एखाद्या सोसायटीत पार्किंगमध्ये बसून हे काम करायचे असेल, तर रंग सोलता येतो तशी त्यासोबतची जोखीमही सोलता येते का?

हा स्प्रे नेमका काय आहे?

हा नेहमीचा रंग नाही. द्रावकात विरघळवलेले कृत्रिम रबर डब्यातून फवारले जाते. द्रावक उडून जातो आणि मागे रबराचा पातळ पापुद्रा उरतो. अमेरिकेतील मिनेसोटाची प्लास्टी डिप कंपनी हे या प्रकारातले सर्वात परिचित नाव. पक्कड, पान्ह्याच्या मुठींवर रबराचा थर चढवण्यासाठी हे उत्पादन आले आणि नंतर मोटारींवर पोहोचले. हा पापुद्रा मूळ रंगात मुरत नाही, वरच्यावर चिकटून राहतो. म्हणूनच तो निघतो. पण त्याच कारणाने त्यावर पेट्रोल सांडले की तो विरघळतो. सर्व्हिसिंगच्या जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने त्याची कड उचलली जाऊ शकते.

‘सोलता येतो’ हे कितपत खरे?

सगळा खेळ जाडीचा आहे. डबा वाचवण्यासाठी दोनच हात मारले, तर पापुद्रा सलग निघत नाही, तुकड्या-तुकड्याने खरवडत बसावे लागते. चाकावर साधारण चार ते सहा हात लागतात. पहिला हात विरळ, मग प्रत्येक हात आधीचा सुकल्यावर. उन्हाने रबर कालांतराने ठिसूळ होते. अशा वेळी वरून आणखी एक-दोन जाड हात मारायचे, पूर्ण सुकू द्यायचे आणि मग सोलायचे. तयारीही महत्त्वाची आहे. ब्रेकची काळी धूळ, ऑइल, टायर पॉलिश राहिले तर थर धरत नाही. रिम आणि टायरच्या फटीत जुन्या पत्त्यांच्या कॅटमधली पाने खोचली, की टायर रंगत नाही.

चाकाला मारताना खरा धोका कुठे?

दिसणाऱ्या भागात नाही, न दिसणाऱ्या भागात. चाकाचा नट जिथे बसतो ती जागा आणि चाकाची मागची बाजू जिथे हबला टेकते ती जागा, या दोन्ही ठिकाणी धातूला धातूच भिडला पाहिजे. मध्ये रबर आले तर नट कसल्यानंतर ते दबते आणि नटाची पकड सैल होऊ शकते. म्हणून या जागा मास्किंग टेपने झाकाव्यात, नट टॉर्क पान्ह्याने कसावेत आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. ब्रेक डिस्कवर एक थेंबही नको. बॅलन्सिंगची चिकटवायची वजने या थरावर लावू नयेत. थर सुटला की वजनही जाते.

पार्किंगमध्ये का नको?

अनेक इमारतींत तळमजल्यावरच्या पार्किंगमध्येच वीजमीटरचा पॅनल असतो, शेजारी दुचाकी उभ्या असतात. अशा डब्यांमधला दाब बहुधा ज्वलनशील वायूचा असतो आणि द्रावकही पेट घेणारा. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचते. एक ठिणगी पुरते. रुमाल किंवा एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, द्रावकाची वाफ नाही. त्यासाठी कार्बन काडतुसाचा मास्क लागतो. काम मोकळ्या जागेत, वारा कमी असताना करावे. एकलहरे वीज केंद्राच्या परिसरात राखेचे कण ओल्या थरावर बसतात, हेही लक्षात घ्यावे. पावसाळी दमट हवेत थरावर पांढुरकी झाक येते. थंडीत दुपारची वेळ बरी. गारठलेला डबा गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही धरू नये, कोमट पाणी पुरेसे आहे. उन्हातल्या बंद गाडीतही डबा ठेवू नये.

नियम काय सांगतात?

नोंदणी प्रमाणपत्रात बॉडीचा रंग लिहिलेला असतो, चाकांचा नाही. त्यामुळे चाके, व्हील कॅप किंवा क्रोमची पट्टी काळी केल्याने नोंद बदलत नाही. संपूर्ण गाडीच रंगवली तर मात्र आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते. सोलता येणारा आहे म्हणून त्यातून सूट नाही. मोटार वाहन नियमांतील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण दलाच्या वाहनांसाठी राखीव आहे. शेजारी देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र असताना हा रंग निवडणे म्हणजे आपणहून चौकशी ओढवून घेणे. दिवे, रिफ्लेक्टर आणि नंबर प्लेटवर कोणताही थर नको. नियमबाह्य बदलांसाठी कलम १८२ अ (४) मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्हींची तरतूद आहे.

मग करावे की नाही?

सुरुवात प्लास्टिकच्या व्हील कॅपपासून करणे शहाणपणाचे. ती गाडीपासून वेगळी करून मोकळ्यावर रंगवता येते, नट आणि हबचा प्रश्नच येत नाही. मॅग व्हील वर्षानुवर्षे काळेच ठेवायचे असेल तर पावडर कोटिंग अधिक टिकाऊ. त्यात सुमारे १८० ते २०० अंशांना भट्टीत थर पक्का केला जातो, त्यामुळे ते घरचे काम नाही आणि नंतर सोलताही येत नाही. रिकामा डबा फोडू किंवा जाळू नये. घंटागाडीत तो घरगुती घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा. एकूणात, हा स्प्रे हौसेसाठी ठीक आहे. रंग चुकला तर सोलता येईल, सैल राहिलेला नट किंवा पार्किंगमधली ठिणगी मात्र दुसरी संधी देत नाही.