गुलाबाची मर : आधी कात्री, मग औषध

गुलाब वाळू लागला की शेतकरी बंधू औषधाचे नाव विचारतात. झाड कोठून वाळत आहे, हे क्वचितच पाहिले जाते. माझ्या मते चूक येथेच होते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कापलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली वाळू लागली, तर ती मर समजावी. रोग लाकडात शिरलेला असल्याने नुसत्या फवाऱ्यावर केलेला खर्च वाया जातो. काळ्या भागाखाली दोन-तीन इंच, निरोगी लाकूड लागेपर्यंत फांदी कापावी, तुकडे जाळावेत आणि कापावर बोर्डो मलम लावावे. त्यासाठी 100 ग्रॅम मोरचूद व 100 ग्रॅम कळीचा चुना मातीच्या भांड्यांत निरनिराळे भिजवून एकंदर एक लिटर पाण्यात एकत्र करावे. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसावी. काम कंटाळवाणे खरे. परंतु रोग बागभर हिंडविते ती बहुधा आपलीच कात्री.

कोवळ्या शेंड्यांवरील पांढरी भुरी निराळी. तिला पाण्यात मिसळणारे गंधक, 10 लिटरला 20 ग्रॅम, पुरते; मात्र कडक उन्हात फवारू नये. पावसाळ्यात पाने पिवळी पडताच युरिया टाकण्याची घाई नको. आधी पानावर काळे ठिपके आहेत काय ते पाहावे. असल्यास गळलेली पाने वेचून जाळावीत व पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशी द्यावे.