उजनीच्या होड्या आणि विजेची मोटार

भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यात भिगवण, कुंभारगाव, डिकसळ, पळसदेव अशा गावांच्या काठाने ज्या लहान होड्या मासेमारीसाठी आणि हिवाळ्यात पक्षी पाहावयास येणाऱ्या मंडळींच्या फेऱ्यांसाठी चालतात, त्यांना पेट्रोलच्या यंत्राऐवजी बाजारात ‘ट्रोलिंग मोटार’ या नावाने मिळणारी विजेची मंदगती मोटार बसवावी, ही सूचना ऐकताक्षणी पटण्याजोगी आहे. पेट्रोलचा खर्च वाचतो, पाण्यावर तेलाचा तवंग येत नाही, आणि ज्या रोहित पक्ष्यांच्या थव्यासाठी पाहुणा पुण्या-मुंबईहून पहाटे निघून आलेला असतो तो थवा यंत्राच्या फटफटाटाने उठून जात नाही. सूचना इतकी सरळ आहे म्हणूनच ती अमलात आणताना कोणती मोटार घ्यावयाची या प्रश्नाचे उत्तरही तितकेच सरळ असेल, असा समज होतो; आणि दुकानदाराच्या छापील तक्त्यात नावेची लांबी एका बाजूस व मोटारीचा जोर दुसऱ्या बाजूस मांडलेला असल्यामुळे तो समज दृढ होतो. माझे म्हणणे असे की तो तक्ता चुकीचा नसला तरी तो आपल्यासाठी लिहिलेला नाही.

याचे कारण या यंत्राच्या जन्मकथेत आहे. विजेवर नाव चालविण्याची कल्पना पेट्रोल इंजिनाहून जुनी: मोरिट्झ याकोबी याने 1838 च्या सुमारास सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीवर विजेची नाव चालवून दाखविली होती, आणि 1881 मध्ये गुस्ताव्ह त्रुव्हे याने पॅरिसला सीन नदीवर नावेच्या मागे अडकविता व काढता येणारी विजेची मोटार वापरली होती, ओल एव्हिनरूडचे पेट्रोलवरील सुप्रसिद्ध यंत्र त्यानंतर सुमारे पाव शतकाने, 1909 साली आले. परंतु आज ज्याला ट्रोलिंग मोटार म्हणतात तिचा उगम 1934 मधील. अमेरिकेतील उत्तर डकोटा प्रांतातील फार्गो या गावच्या ओ. जी. श्मिट यांनी फोर्डच्या ‘मॉडेल ए’ मोटारगाडीचा स्टार्टर काढून त्याला दांडा व पंखा जोडला, आणि पुढे त्यातूनच ‘मिन कोटा’ हा व्यवसाय उभा राहिला. तेथील हौशी मासेमाराची रीत अशी की मोठ्या पेट्रोल इंजिनाने तलावाच्या इच्छित कोपऱ्यापर्यंत वेगाने जावयाचे, तेथे ते इंजिन बंद करून विजेच्या मोटारीने निःशब्दपणे काठाकाठाने सरकत गळ टाकावयाचा, आणि सायंकाळी पुन्हा मोठ्या इंजिनाने घरी परतावयाचे. म्हणजे ज्या देशात हे यंत्र वाढले त्या देशात ते नावेवरचे दुसरे यंत्र आहे. उजनीत ते पहिले आणि वल्ह्यांचा अपवाद सोडल्यास एकमेव राहणार. परतीची जबाबदारी ज्याच्यावर कधी नव्हतीच त्याच्यावर ती टाकावयाची असेल, तर निवडीचा हिशेबही परतीच्या वाटेवरून मांडला पाहिजे.

आता जोराविषयी. ‘किती हॉर्सपॉवरची?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न असतो, आणि या मोटारींच्या बाबतीत त्याला थेट उत्तर नाही. कारण त्यांचे माप पौंडांत, म्हणजे पंखा नावेला किती बलाने ढकलतो यात दिलेले असते, आणि बल व शक्ती या दोन भिन्न राशी आहेत. 55 पौंडांची, म्हणजे सुमारे 25 किलोंचा रेटा देणारी, 12 व्होल्टची मोटार पूर्ण वेगात 50 अ‍ॅम्पिअरच्या आसपास प्रवाह घेते. तो सुमारे 600 वॅट झाला, अर्थात एका अश्वशक्तीहून कमीच. त्यातही हा 25 किलोंचा आकडा नाव जागच्या जागी खुंटवून मोजलेला असतो. नाव चालू लागली की पंख्याचा रेटा घटत जातो. खुंट्याला बांधलेला बैल दावे किती ताणतो यावरून तो दिवसभरात किती नांगरील हे जसे ठरत नाही, तसेच हे आहे. व्यवहारातला ठोकताळा मात्र उपयोगी आहे: माणसे व सामानासह नावेच्या एकूण वजनाच्या दर 50 किलोंमागे निदान एक किलो रेटा असावा. सहा माणसे, नाव, जाळी व बॅटरी मिळून 600 किलो भरत असतील, तर 12 किलोंची, म्हणजे साधारण 27 पौंडांची मोटार कागदोपत्री पुरते.

कागदोपत्री म्हणजे वारा नसताना. उजनीचा फुगवटा मैलोन्‌मैल उघडा पसरलेला आहे, आणि वैशाखातल्या दुपारनंतर वळवाचे ढग आले की त्या उघड्या पाण्यावर वारा कसा सुटतो हे काठावरच्या कोणाही भोयाला सांगावे लागत नाही. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नावेचा आणि बसलेल्या माणसांचा मिळून दोन चौरस मीटर भाग वाऱ्याला सामोरा असेल, तर ताशी 18 किलोमीटरच्या झुळुकीत त्यावर जेमतेम तीन किलोंचा दाब येतो. वारा ताशी 36 किलोमीटरवर गेला की तोच दाब बारा किलोंवर जातो, आणि 27 पौंडांच्या मोटारीचा सर्व जोर नाव मागे जाऊ न देण्यातच खर्ची पडतो. लाटांचा हिशेब तर यात धरलेलाच नाही. 21 मे 2024 रोजी सायंकाळी कुगाव व कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले. त्या दुर्घटनेचा संबंध यंत्राच्या निवडीशी जोडणे अन्यायाचे होईल, आणि तसल्या वाऱ्यात कोणत्याही मोटारीने कोणासही वाचविले असते असेही नव्हे. परंतु या पाण्यावर उपकरण निवडणाऱ्याने डिसेंबरातल्या शांत सकाळी मोजमाप करून समाधान मानावे, असे त्यानंतर कोणी म्हणू नये. म्हणून माझे मत 12 व्होल्टमध्ये साधारणतः जो मोठ्यात मोठा जोर मिळतो त्या 55 पौंडांच्या बाजूचे आहे. यापुढे 24 व्होल्टवर 70–80 पौंड आणि 36 व्होल्टवर 100 पौंडांहून अधिक, अशा पायऱ्या आहेत. त्यांत प्रवाह कमी लागत असल्याने तारांतील नासाडी घटते, हा त्यांचा खरा गुण. परंतु दोन किंवा तीन बॅटऱ्यांचा भार व खर्च सहा माणसांच्या होडीस पेलणारा नाही.

जोर ठरला की लोक निवड संपली असे समजतात. वास्तविक तेथे ती सुरू होते, कारण या व्यवहारात मोटार ही दुय्यम वस्तू असून मुख्य खरेदी बॅटरीची आहे. शंभर अ‍ॅम्पिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी घेतली, तर तिचे आयुष्य राखावयाचे असल्यास तिच्यातील निम्मीच वीज वापरावी लागते. पूर्ण वेगात ती तासभरही पुरत नाही. त्याच मापाची लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरी चार-पंचमांशापर्यंत निर्धास्तपणे रिकामी करता येते, म्हणजे तीच मोटार दीड तासाच्या आसपास चालते. पहिलीचे वजन 28 ते 30 किलो, दुसरीचे 12 किलोंच्या आगेमागे. हा भेद शहरातल्या वाचकाला किरकोळ वाटेल. पण उन्हाळ्यात धरण उतरले, पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ उघडे पडले, आणि काल जेथे पाणी होते तेथे आज गाळपेराची जमीन झाली, म्हणजे घरापासून नावेपर्यंतचे अंतर चिखलातून, खांद्यावर बॅटरी घेऊन, दिवसातून दोनदा तुडवावे लागते. शिवाय सोलापूरकडचे ऊन शिशाच्या बॅटरीला मानवत नाही. 25 अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचे आयुष्य सुमारे निम्म्याने घटते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. ट्रॅक्टरची बॅटरी काढून नावेत ठेवण्याचा मोह पुष्कळांना होईल, तो आवरावा. ती क्षणभर मोठा प्रवाह देऊन इंजिन चालू करण्यासाठी घडविलेली असते आणि रोज खोलवर रिकामी केली तर थोड्याच महिन्यांत निकामी होते.

लिथियमची किंमत बरीच अधिक आहे, हे खरे. तरीही दरपत्रकातील रक्कम तुटपुंजी असेल तर ती मोटारीतून कापावी, बॅटरीतून नव्हे. उपग्रहाच्या साहाय्याने नाव एका जागी धरून ठेवणाऱ्या, पायाने किंवा दूरनियंत्रकाने चालणाऱ्या, नावेच्या नाकावर बसविण्याच्या ज्या भारी मोटारी आहेत त्यांचे कौतुक जरूर करावे, आणि मागील फळीवर अडकविण्याची, हाताने वळविण्याची साधी मोटार घ्यावी. एका गोष्टीत मात्र साधेपणाचा आग्रह धरू नये. स्वस्त मोटारींत पाच ठरीव वेग असतात आणि कमी वेगात उरलेली वीज रोधकात उष्णता होऊन वाया जाते. वेग अखंडपणे कमी-अधिक करणारा, प्रवाहाचे सूक्ष्म तुकडे पाडणारा नियंत्रक असलेली मोटार थोडी महाग पडते, पण संथ चालीत बॅटरी कितीतरी अधिक काळ टिकविते. आणि येथील काम तर संथ चालीचेच आहे: रात्री लावलेल्या जाळ्याच्या ओळीने सरकत राहावयाचे, एकाने जाळे उचलावयाचे, दुसऱ्याने नाव त्या रेषेत धरावयाची. पाण्यातून नाव नेण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की ती एक-अष्टमांशाच्या आसपास येते. हे ज्या नावाड्याने मनात धरले त्याची बॅटरी सकाळभर पुरेल, आणि घाई करणाऱ्याची दोन फेऱ्यांत संपेल. घाई करूनही फारसे साधत नाही, ते वेगळेच, कारण या पंख्यांचा पीळच मंद गतीसाठी असतो. ताशी सात-आठ किलोमीटरपलीकडे त्या मोटारी नेत नाहीत, आणि एकीच्या जागी दोन लावल्याने वेग दुप्पट होत नाही. ज्याला पैलतीरी उतारू पोहोचवावयाचे आहेत त्याने हे यंत्र घेऊच नये. कोकणातल्या खाडीत भरती-ओहोटीच्या ओढीशी सामना असतो, तेथेही तेच. आणि समुद्रात जाणाऱ्या नौकेचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

उजनीची आणखी एक तऱ्हा तक्त्यात नसते. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते, त्यावर जलपर्णी माजते, आणि पाण्यात नायलॉनच्या तुटक्या जाळ्यांचे तुकडे तरंगत असतात. जलपर्णी पंख्याला गुंडाळली तर मोटार तापते, पण ती दिसते आणि हाताने सोडविता येते. नायलॉनचा बारीक धागा मात्र पंख्याच्या मागे आसाभोवती शिरून तेथील रबरी सील कापतो, त्यातून पाणी आत झिरपते, आणि काही आठवड्यांनी मोटार अकस्मात बंद पडली की दोष उत्पादकाच्या माथी मारला जातो. खरेदीपूर्वी दुकानात उभे राहून पंखा साध्या पान्याने काढून दाखविण्यास सांगावे. जो पंखा पाच मिनिटांत निघत नाही तो नावेवर कोणी काढणार नाही. पंख्याच्या सुट्या पिना, सील व कार्बन ब्रश इंदापूर-बारामतीकडे मिळतात काय, आणि तेथील मोटार वाइंडिंग करणारा हे यंत्र उघडील काय, याची चौकशी हमीपत्राच्या मुदतीहून मी अधिक महत्त्वाची मानतो. ब्रश नसलेल्या नव्या मोटारी कमी वीज खातात यात शंका नाही; पण त्यांचे नियंत्रकाचे कार्ड जळले की दुरुस्तीसाठी कोठे पाठवावे, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत रोहितांचा हंगाम संपलेला असेल. दांड्याची लांबी नावेची मागची फळी पाण्यापासून किती उंच आहे हे प्रत्यक्ष मोजून ठरवावी, आणि पंखा पाण्याखाली निदान वीतभर, लाटांत हातभर, बुडेल असे पाहावे. तारा 16 चौरस मिलिमीटरच्या, बॅटरीजवळ 60 अ‍ॅम्पिअरचा कटआउट: याची काटकसर करणाऱ्यास विजेच्या नावेत बसू देऊ नये.

मच्छीमार सहकारी संस्थांनी किंवा सरकारी खात्याने या मोटारी एकगठ्ठा घ्यावयाचे ठरविले, तर निविदेत केवळ ‘55 पौंड, 12 व्होल्ट’ एवढाच तपशील घालून सर्वांत कमी दराला मंजुरी दिली जाण्याची भीती आहे. त्या दरात बॅटरी कोणती येईल हे सांगावयास ज्योतिषी नको. माझी सूचना अशी की पुरवठादाराने दोन पूर्ण संच आधी द्यावेत. ते डिसेंबरात नव्हे तर एप्रिल-मेमध्ये, पाणी उतरलेले आणि वारा सुटलेला असताना, जाळी उचलणाऱ्या एका व पाहुणे नेणाऱ्या एका नावेवर चालवावेत. बॅटरीतील वीज एक-तृतीयांश उरली की नाव काठाला लावावयाची आणि वल्ही नावेतून उतरवावयाची नाहीत, हे दोन नियम पहिल्या दिवसापासून असावेत. आणि किती तास चालली, किती वेळा अडली, चार्ज होण्यास घरच्या विजेवर किती वेळ लागला याची नोंद संस्थेच्या चिटणिसाने दप्तरात ठेवून तिची नक्कल निविदेच्या कागदांना जोडावी, व उरलेल्या संचांचे पैसे त्यानंतरच अदा करावेत.