आडनावाचा रकाना आणि आपण



आपल्यातले बरेच जण सिंगापुरात बँका, विमा, टेलिकॉम किंवा सॉफ्टवेअर कंपन्यांत आहेत. 'कस्टमर डेटा' हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. पण तो अचूक ठेवणे म्हणजे कंटाळवाणी कारकुनी, असे आपण धरून चालतो. तिमाही संपत आली की ते काम एखाद्या ज्युनियरच्या गळ्यात मारायचे, नाहीतर पुण्या-बंगलोरच्या बॅक ऑफिसकडे ढकलायचे! मला हे मान्य नाही. ग्राहकाची नोंद बरोबर ठेवणे हा माझ्या मते समतेचा प्रश्न आहे. कसा, ते सांगते.

नावापासूनच सुरुवात करू. इथे चिनी माणसाचे आडनाव आधी येते. मलय माणसाला सहसा आडनाव नसतेच, 'बिन' किंवा 'बिन्ते' लावून वडिलांचे नाव येते. अनेक तमिळ लोकांच्या नावांतही आडनाव नसते. सिंगापूर सरकारने हे ओळखले आहे. ओळखपत्रावर संपूर्ण नाव सलग असते, आणि २०१६ साली सुरू झालेल्या 'मायइन्फो'त विवाहानंतरचे नाव, टोपणनाव यांना वेगळे रकाने आहेत. पण कंपन्या विकत घेतात त्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' असे दोनच रकाने, आणि दोन्ही सक्तीचे. मग काउंटरवरचा कर्मचारी एकात टिंब टाकतो किंवा वडिलांचे नाव आडनाव म्हणून लिहून मोकळा होतो. एकच माणूस तीन खात्यांत तीन नावांनी नांदू लागतो.

आपलीही तऱ्हा वेगळी नाही. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने नाव लिहायचे आहे. निर्णय स्वागतार्हच. पण ही मुले उद्या इथे येतील तेव्हा दोन रकान्यांत आईला जागा कुठे मिळणार? मी स्वतः लग्नानंतर नाव बदलले नाही. तरी एका विमा कंपनीने नवऱ्याच्या पॉलिसीवर मला परस्पर त्याचे आडनाव देऊन टाकले, आणि दुरुस्तीसाठी माझ्याकडेच पुरावा मागितला. जे बदललेच नाही ते न बदलल्याचा दाखला कोण देतो?

माझा त्यात अर्धा दिवस गेला, एवढेच. पण बांधकामावरच्या मजुराचा विचार करा. त्याला हाताशी रविवार एवढाच. पासपोर्टचे नूतनीकरण झाले की नंबर बदलतो. पैसे पाठवणाऱ्या कंपनीकडे जुना नंबर असेल किंवा गावाकडच्या खात्यातल्या नावाशी स्पेलिंग जुळत नसेल, तर पैसे अडकतात आणि तिकडे मुलांची फी राहते. नोंद चुकवते यंत्रणा, दंड भरतो तो. ज्याच्याकडे वेळ, इंग्रजी आणि ओळखी कमी, त्याला हा दंड जास्त.

कायदा काय म्हणतो? सिंगापूरचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०१२ चा. त्यातले मुख्य नियम २ जुलै २०१४ पासून लागू झाले. माहितीच्या आधारे एखाद्या व्यक्तीबद्दल निर्णय होणार असेल किंवा ती दुसऱ्या संस्थेकडे जाणार असेल, तर ती अचूक आणि पूर्ण असावी यासाठी कंपनीने वाजवी प्रयत्न केला पाहिजे, असे कलम २३ सांगते. कलम २२ प्रमाणे ग्राहक दुरुस्ती मागू शकतो. ती मान्य झाली, तर आदल्या वर्षभरात ज्या संस्थांना माहिती दिली असेल त्यांनाही ती साधारणपणे कळवावी लागते. भारताच्या २०२३ च्या कायद्यातही अचूकतेचे आणि दुरुस्तीचे असेच तत्त्व आहे. म्हणजे ही मेहेरबानी नव्हे, जबाबदारी आहे.

मात्र अचूकतेच्या नावाखाली वाट्टेल ती माहिती गोळा करणे हा उपाय नाही. २०१८ मध्ये सिंगहेल्थच्या १५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली. अशी माहिती जितकी अचूक, तितकी चोराच्या कामाची! डिसेंबर २०२४ मध्ये कंपनी नोंदणीच्या सरकारी 'बिझफाइल' पोर्टलवर लोकांचे पूर्ण ओळख क्रमांक दिसू लागले आणि सरकारला माफी मागावी लागली. तेव्हा थोडी माहिती घ्या, ती नीट ठेवा आणि गरज संपली की काढून टाका. हे शेवटचे बंधनही त्याच कायद्यात आहे.

आपण स्वतः या सिस्टिम्स बनवतो, म्हणून काही सूचना. आडनावाची सक्ती काढा. पूर्ण नावाला एक रकाना आणि 'आपल्याला काय म्हणून हाक मारू?' याला दुसरा. पत्ता आणि फोनपुढे ते शेवटचे कधी पडताळले ती तारीख ठेवा. इथे सहा आकडी पोस्टल कोडवरून इमारत कळते, पण भाडेकरू घर सोडून गेला हे कळत नाही. दुरुस्ती ग्राहकाला स्वतः फोनवरून करता यावी, आणि ती बाकीच्या सर्व सिस्टिम्सपर्यंत पोचली की नाही हे पाहणारा एक जबाबदार माणूस नेमलेला असावा.

आणि केवळ नाव व जन्मतारीख जुळली म्हणून दोन नोंदी एकत्र करू नका. आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी किती जणांची जन्मतारीख १ जून लावून टाकली, हे काय मी तुम्हाला सांगायला हवे? एकाच नावाचे आणि १ जूनलाच जन्मलेले दोन पाटील सहज सापडतील. एकाच्या दोन नोंदी राहिल्या तर कंपनीला टपालखर्च पडेल. पण दोघांची एक नोंद झाली, तर एकाचे थकलेले कर्ज दुसऱ्याच्या माथी बसेल.

'याला बजेट नाही' हे उत्तर मीही ऐकले आहे. पण जाहिरातीचे ईमेल पाठवायला बजेट असते, आणि ज्यांना पाठवायचे त्यांची नावे नीट लिहायला नसते, हे कसे? पुढच्या प्रोजेक्ट मीटिंगमध्ये एवढा एक प्रश्न विचारून पाहा. काय उत्तर मिळाले ते कळवा, आणि माझे म्हणणे पटले नसेल तर तेही मोकळेपणाने लिहा.