शिंग कापल्याने प्रश्न सुटत नाही

माणसाच्या अंगावर शिंग उगवते असे ऐकताच सुशिक्षित मनुष्यही एक तर हसतो किंवा त्यात दैवी कोप शोधतो. दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच घातक होत. वैद्यकशास्त्र ज्याला त्वचाशृंग म्हणते, ती वाढ दुर्मीळ असली तरी अद्भुत नाही. नखे व केस ज्या केरॅटिनचे बनतात, तेच द्रव्य त्वचेवर एका ठिकाणी थरावर थर साचून कठीण होते व शिंगाचा आकार घेते. उतारवयात आणि चेहरा, कान, डोके, हात अशा उन्हाला उघड्या भागांवर ते अधिक आढळते.

खरा प्रश्न शिंगाचा नसून त्याच्या बुडाचा आहे. बुडाशी साधी चामखीळ असू शकते, पुढे कर्करोगाकडे झुकू शकणारी बिघडलेली त्वचा असू शकते, किंवा प्रत्यक्ष कर्करोगही असू शकतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ६४३ त्वचाशृंगांच्या पाहणीत सुमारे ६१ टक्के निरुपद्रवी, तर ३९ टक्के कर्करोगाची किंवा त्याच्या पूर्वावस्थेची निघाली. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु दुर्लक्ष करण्याचेही नाही. बुडातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून हा भेद कळत नाही, नुसत्या दृष्टीने तर नाहीच.

असे असता आपल्याकडे होते काय? कोणी केस बांधून वाढ गळण्याची वाट पाहतो, कोणी पात्याने छाटतो. मध्य प्रदेशातील सागर येथे २०१९ साली एका वृद्धाच्या डोक्यावरील सुमारे ४ इंचांचे शिंग शस्त्रक्रियेने काढण्यात आले. तत्पूर्वी काही वर्षे ते न्हाव्याकडून कापून घेतले जात होते. शेंडा छाटला की वाढ नाहीशी झाल्याचे समाधान मिळते. मूळ मात्र तसेच राहते आणि निदानाचा काळ वाया जातो.

वाशिमसारख्या शेतीप्रधान जिल्ह्याने याची दखल घ्यावयास हवी. सावळी कातडी उन्हापासून बरेच संरक्षण देते, हे खरे. परंतु भारतीयांमध्ये त्वचेचा कर्करोग अनेकदा जुन्या भाजल्याच्या व्रणातून किंवा न भरणाऱ्या जखमेतून उद्भवतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ साली धोतर आवळल्याने कमरेशी होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ साली वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी कमरेच्या दोन व्रणांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक वृद्धा ४० वर्षे घट्ट लुगडे नेसत आली होती. प्रत्येक वेळी गोष्ट एकच : दीर्घकाळ न भरलेल्या जखमेकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही.

विशेष म्हणजे वऱ्हाडातील शेतकऱ्याला ही दक्षता अपरिचित नाही. बैलाच्या शिंगाचा कर्करोग त्याला ठाऊक आहे. बैल वारंवार डोके झटकू लागला, एका बाजूचे शिंग कलले की तो पशुवैद्यकाकडे जातो. जनावराच्या शिंगाबाबत जी तत्परता, ती स्वतःच्या त्वचेबाबत का नसावी?

दोष केवळ शेतकऱ्याचा नाही. सरकारी तपासणी मोहिमेत ३० वर्षांवरील व्यक्तींची तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी पाहणी होते. त्वचेला त्यात स्थान नाही. तोंडाचा कर्करोग कितीतरी अधिक असल्याने त्याला अग्रक्रम मिळावा, हा युक्तिवाद रास्तच आहे. तथापि त्वचा पाहण्यास यंत्र लागत नाही. घरोघर जाणाऱ्या आशा सेविकेने एकच प्रश्न अधिक विचारावा : महिना उलटूनही न भरलेली जखम, किंवा वाढत जाणारी कठीण गाठ अंगावर आहे काय? या प्रश्नाला खर्च जवळजवळ नाही.

उत्तर होकारार्थी आले तर पुढची वाट मात्र सिद्ध हवी. १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. काढलेली प्रत्येक वाढ बुडासह त्याच्या विकृतिशास्त्र विभागाकडे जावी आणि अहवाल रुग्णाच्या तालुक्यात पोहोचावा, अशी व्यवस्था लावणे अशक्य नाही. रिसोड वा मानोऱ्याच्या मजुराने एका तुकड्याच्या तपासणीसाठी रोजंदारी बुडवून नागपूर गाठावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

शाळाशिक्षकांनाही येथे काम आहे. विज्ञानाच्या तासाला नखांचे द्रव्य शिकविताना याचा उल्लेख केला, तर घरातील आजोबांच्या कानावरची वाढ विद्यार्थी वेगळ्या नजरेने पाहील. वेळीच काढलेला त्वचेचा कर्करोग बहुधा पूर्ण बरा होतो. जो रोग उघड्या डोळ्यांना दिसतो, त्याने माणूस दगावला तर तो दोष शास्त्राचा नव्हे, समाजाच्या व शासनाच्या अनास्थेचा मानावा लागेल.