भरपाई पक्ष्याची, जोखीम मजुराची

बर्ड फ्लूचे नाव निघाले की आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो तो 'चिकन खावे की नाही' हा. त्याचे उत्तर सोपे आहे. ७० अंश सेल्सियस तापमानाला नीट शिजलेल्या मांसात वा अंड्यात हा विषाणू टिकत नाही. अवघड प्रश्न निराळा आहे आणि तो क्वचितच विचारला जातो : ज्याच्या हातांतून ती कोंबडी आपल्या ताटापर्यंत येते, त्या मजुराचे काय?

मांडू, धार, देवास परिसरात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपणा मराठी मंडळींना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाला तो नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. पुढच्याच महिन्यात तो बऱ्हाणपूर जिल्ह्यातील इच्छापूर येथे आढळला. डिसेंबर २०२० च्या अखेरीस इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआ जिल्ह्यातील कडकनाथ कोंबड्यांत एच५एन१ विषाणू सापडला आणि पाठोपाठ फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा लाखो पक्षी नष्ट करावे लागले. नकाशावर ही नावे जोडून पाहिली तर आपण त्या वर्तुळाच्या आतच आहोत.

नवापूरला कोंबड्या मरू लागल्या तेव्हा प्रारंभी तो राणीखेत असावा असाच समज होता. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निष्कर्ष येईपर्यंत शेडमधील नित्याची कामे थांबत नाहीत. मेलेले पक्षी उचलणे, विष्ठेने भिजलेला तूस उपसणे, पिसांच्या धुरळ्यात उभे राहणे हे सारे चालूच असते. संसर्गाची खरी घटका तीच. निदान झाल्यावर येणारा संरक्षक पोशाख त्या दिवसांचे रक्षण करू शकत नाही. २००६ मध्ये माणसांच्या नमुन्यांत संसर्ग आढळला नाही. त्याला सुदैव म्हणावे, व्यवस्थेची सिद्धता म्हणू नये. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या अभ्यासात कुक्कुटपालनातील कामगारांच्या रक्तात एच९एन२ विरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. जुलै २०२१ मध्ये हरियाणातील एक बालक दिल्लीच्या 'एम्स'मध्ये एच५एन१ ने दगावले.

केवळ पोशाख वाटले म्हणजे कर्तव्य संपले, हाही भ्रमच. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात बाधित कोंबड्या नष्ट करणाऱ्या मजुरांनाच लागण झाली. शेडमधील तापमान चाळीस अंशांच्या घरात, मोठे पंखे पिसे उडवीत होते, आणि मुखपट्टी व चष्मा तोंडावर नीट बसत नव्हते. संपन्न देशात हे घडते, तर निमाडच्या उन्हाळ्यात काय होईल याची कल्पना करावी. म्हणून पहाटेची कामाची वेळ, छोट्या पाळ्या, सावलीत विश्रांती, पिण्याचे पाणी आणि कामानंतर साबणाने स्नानाची व कपडे बदलण्याची सोय या गोष्टी एन-९५ मुखपट्टीइतक्याच आवश्यक आहेत. मजुराने ते कपडे घरी नेता कामा नयेत.

आता पैशाचा मुद्दा. पक्षी नष्ट केल्यावर शासन मालकाला पक्षी, अंडी व खाद्य यांची भरपाई देते. ते योग्यच आहे. भरपाई नसेल तर रोग लपविला जाईल. परंतु हाच न्याय मजुराला का नाही? शेड बंद म्हणजे रोजी बंद, हे ठाऊक असलेला माणूस ताप अंगावर काढतो. छोट्या व्यावसायिकाला हा भार पेलणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल आणि त्यात तथ्यही आहे. म्हणूनच विलगीकरणाच्या दिवसांची मजुरी उद्रेक-नियंत्रणाच्या खर्चातच धरली पाहिजे. ती दया नव्हे. रोग वेळीच उघडकीस यावा यासाठी मोजलेली ती किंमत आहे.

आपणा डॉक्टरांचा वाटाही लहान नाही. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारावा, हे इटालियन वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली सांगितले. आपल्या केसपेपरवर मात्र तो रकाना बहुधा कोराच राहतो. कोंबड्यांत काम करणाऱ्याचे डोळे लाल झाले, तर ती नेहमीची 'डोळ्यांची साथ' समजून थेंब देऊन पाठवू नये. नेदरलँड्समधील २००३ च्या उद्रेकात आणि अलीकडे अमेरिकेत डोळे येणे हेच प्रमुख लक्षण होते. ताप, खोकला, धाप यांच्या जोडीला आजारी वा मृत पक्ष्यांशी संपर्क असेल, तर घशाचा व नाकाचा नमुना घ्यावा, जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना कळवावे आणि अहवालाची वाट न पाहता ओसेल्टामिविर सुरू करावे. पहिल्या ४८ तासांत त्याचा लाभ सर्वाधिक असतो. कुक्कुटपालन मजुरांना दरवर्षी साध्या फ्लूची लस द्यावी. ती बर्ड फ्लू रोखत नाही, परंतु एकाच शरीरात दोन विषाणूंची सरमिसळ होण्याचा धोका कमी करते.

आणखी एक गोष्ट आपल्या लेखणीच्या हाती आहे. जनावरे व त्यांची कलेवरे हाताळण्याच्या कामातून जडलेल्या संसर्गजन्य रोगाला १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाने व्यावसायिक रोग मानले. मजूर वा त्याची विधवा दावा करू शकते, पण त्यासाठी केसपेपरवर व्यवसायाची व संपर्काची नोंद हवी. ती आपण केली नाही, तर कायदा असूनही तो त्यांच्यापुरता नसल्यासारखाच.

आपल्या संस्थेने यंदा एवढे तरी करावे : परिसरातील कुक्कुटपालन केंद्रांची व तेथील मजुरांची यादी, थंडीपूर्वी लसीकरणाचे एक शिबिर, भिली व निमाडी बोलींत सूचनांचे एक पत्रक आणि पशुवैद्यकांसमवेत एक बैठक. समाजातील ज्यांची स्वतःची कुक्कुटपालन केंद्रे आहेत, त्यांनी आपल्या शेडपासून प्रारंभ करावा. पुढचा उद्रेक कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. त्या दिवशी शेडमध्ये पहिला कोण शिरेल, हे मात्र आपणा सर्वांना आजच ठाऊक आहे.