निवड कसली? उरलेल्यांची यादी!

१८ सप्टेंबर २०२३. भारताचा फुटबॉल संघ एशियाडसाठी चीनमधल्या हांगझोऊ शहरात उतरला तेव्हा संध्याकाळ झाली होती. दुसऱ्याच दिवशी, १९ तारखेला, यजमान चीनशी सामना. एकत्र सराव नाही, पुरती झोप नाही, बाकावर मोजकीच पोरे. तरीही पहिल्या ४५ मिनिटांत ही पोरे लढली. गोलरक्षक गुरमीतने पेनल्टी अडवली आणि मध्यंतराच्या तोंडावर केरळच्या राहुल के. पी.ने अशक्य वाटणाऱ्या कोनातून गोल मारून १-१ अशी बरोबरी साधली. उत्तरार्धात पायातले त्राण संपले. निकाल चीन ५, भारत १.

दुसऱ्या दिवशी समाजमाध्यमांवर काय सुरू झाले? भारतीयांना फुटबॉल जमत नाही, यांच्यात दम नाही, मेरिट नाही. हा 'मेरिट नाही' शब्द आमच्या कानाला काही नवा नाही. शर्यतीच्या आदल्या रात्री पायातले बूट काढून घ्यायचे आणि सकाळी म्हणायचे, बघा, हा मागे पडला. म्हणून त्या १-५ ची गोष्ट आम्हाला मैदानापासून नव्हे, यादीपासून सांगायची आहे.

एशियाडमध्ये पुरुष फुटबॉलचा संघ २३ वर्षांखालील असतो आणि त्यात मोठ्या वयाचे तिघे चालतात. ती स्पर्धा कोविडमुळे एक वर्ष पुढे गेल्याने या वेळी मर्यादा २४ वर्षांची केली गेली. आधी सरकारनेच दार अडवले होते. सांघिक खेळात आशियातल्या पहिल्या आठांत असाल तरच पाठवू, असा क्रीडा मंत्रालयाचा निकष. भारत त्यात बसत नव्हता. २०१८ च्या जकार्ता एशियाडलाही ऑलिम्पिक संघटनेने फुटबॉल संघ पाठवला नव्हता. २०२३ मध्ये प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी थेट पंतप्रधानांना उघडे पत्र लिहिले, गाजावाजा झाला आणि जुलैच्या अखेरीस निकष शिथिल झाला. ऑगस्टमध्ये २२ जणांची यादी जाहीर झाली.

आणि मग क्लब म्हणाले, आम्ही खेळाडू सोडत नाही. इंडियन सुपर लीगचा हंगाम २१ सप्टेंबरला सुरू होणार होता. फुटबॉल महासंघाने लीग थोडी पुढे ढकला म्हणून विनवले, पण लीग ढकलली गेली नाही. प्रशिक्षकाला हवी असलेली नावे एकेक करून गळत गेली. १३ सप्टेंबरला जी यादी आली तिच्यात १७ नावे होती. मोठ्या वयाच्या तिघांपैकी एकटा सुनील छेत्री, वय ३९. शेवटच्या क्षणी संदेश झिंगन, चिंगलेनसाना, लालचुंगनुंगा असे काही जण जोडले गेले.

आता आम्ही विचारतो, याला निवड म्हणायचे का? निवड करायची तर समोर सगळे उभे असावे लागतात. इथे आधी क्लबांनी ठरवले कोण जाणार नाही आणि जे उरले त्यांच्यावर 'राष्ट्रीय संघ' असा शिक्का मारला गेला. गेलेल्या पोरांचा हा अपमान नाही. उलट त्या १७ जणांत धीरज, अमरजित, राहुल, रहीम अली आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव असे पाचजण होते, जे २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळले. भारताचा तो फुटबॉलमधला पहिलाच विश्वचषक. सहा वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी स्टेडियम भरले होते, तीच मुले हांगझोऊत थकून उतरली.

२०१७ ला 'क्लब सोडत नाही' ही तक्रार का नव्हती, तेही बघा. २१ जणांच्या त्या संघात ८ मुले एकट्या मणिपूरची होती. सुतारकाम करणाऱ्यांची, मासळी विकणाऱ्यांची पोरे. तेव्हा ती कुणाच्या ताळेबंदात नव्हती. महासंघाने ती दीर्घकाळ आपल्याकडे ठेवली, एकत्र वाढवली. पुढे 'इंडियन ॲरोज' नावाचा तरुणांचा संघही त्यासाठी चालवला आणि २०२२ मध्ये तो बंद केला. म्हणजे मुलगा फुकट असेपर्यंत देशाचा. त्याला किंमत आली की मालकाचा!

इथे देशभक्तीचे ढोल बडवणारे आमच्या मदतीला धावून येतील. क्लब देशद्रोही आहेत, असे ते म्हणतील. आम्हाला ही मदत नको. क्लबांचेही ऐकून घेतले पाहिजे, कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. खेळाडूचा पगार क्लब देतो. फिफाचा नियम असा की, आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या तारखांना वरिष्ठ राष्ट्रीय संघासाठी खेळाडू सोडावाच लागतो. पण वयोगटाच्या स्पर्धांसाठी अशी सक्ती नाही. एशियाड तर त्या राखीव तारखांच्या बाहेर. सोडल्याबद्दल क्लबला मोबदला मिळत नाही आणि त्या काळातला खेळाडूचा विमाही क्लबनेच उतरवायचा. वरिष्ठ संघाकडून खेळताना कुणी जायबंदी झाला तर फिफाची भरपाई योजना आहे. पोरांच्या स्पर्धांना ते छत्र सहसा नसते. गुडघा गेला तर वर्षभराचा पगार क्लबच्या अंगावर. मग क्लबने का सोडावे? कायद्याने विचाराल तर क्लब बरोबर होते, हे आम्ही मान्य करतो.

कायदा नेमका कुणाच्या बाजूने उभा आहे हे जगाला २००८ मध्येच कळले. बीजिंग ऑलिम्पिकसाठी अर्जेंटिनाला मेस्सी हवा होता आणि बार्सिलोना त्याला सोडायला तयार नव्हती. प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला की बार्सिलोनावर बंधन नाही. तेव्हा मेस्सी चीनमध्ये पोहोचलाही होता. पुढे प्रशिक्षक गार्डिओला यांनी त्याची इच्छा ओळखून त्याला खेळू दिले आणि अर्जेंटिनाने सुवर्ण जिंकले. लोक ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगतात. आम्हाला तिच्यात दुसरेच दिसते. न्याय मिळाला नाही, मेहेरबानी मिळाली. आणि मेहेरबानी मेस्सीला मिळते. मिझोरमच्या विशीतल्या लेफ्ट बॅकला कोण विचारतो, 'बाबा रे, तुझी इच्छा काय?'

आमच्या मते या सगळ्या वादातले मूळ दुखणे हेच आहे. दोन वर्षे होवोत की दहा, चर्चा कायम दोघांची: महासंघ विरुद्ध क्लब. खेळाडू तिसरा पक्ष आहे, याची कुणाला आठवणच नाही. तो करार करतो तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा असतो. घरी कमावते कुणी नाही किंवा आहे ते पुरत नाही. समोर ठेवलेल्या कागदावर तो सही करणार नाही तर काय करणार? 'त्याने स्वखुशीने करार केला' असे म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' काढून वाचावे. १९४७ च्या त्या मसुद्यात त्यांनी स्पष्ट केले होते की, पोटाची चिंता असलेला माणूस नोकरीसाठी आपले हक्क गहाण टाकतो आणि सरकारने मध्ये पडू नये असे म्हणणाऱ्या स्वातंत्र्याचा अर्थ शेवटी खासगी मालकाची हुकूमशाही असाच होतो. ते फुटबॉलबद्दल बोलत नव्हते. पण फुटबॉलपटू हा कामगारच आहे, आणि शरीर हेच त्याचे भांडवल आहे.

कुणी म्हणेल, एवढे काय त्या निळ्या जर्सीत? आयएसएलमध्ये पैसा मिळतोच की. ज्याला अकरात जागा आहे त्याला मिळतो. पण अडवून ठेवलेल्या तरुण खेळाडूंत मोठा भाग असा असतो, जो क्लबच्या बाकावर बसतो किंवा बाकावरही नाही, प्रेक्षकांत. त्याला देशाकडून नव्वद मिनिटे मिळणार होती, ती गेली आणि क्लबकडूनही मिळाली नाहीत. फुटबॉलपटूचे आयुष्य तिशी-पस्तिशीला संपते. त्यानंतर रेल्वे, पोलीस, बँक, राज्य सरकारची नोकरी. तिथे खेळाडूंच्या कोट्यात काय बघतात? प्रमाणपत्र. आपल्या महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तेही स्पर्धेच्या पातळीवर आणि पदकावर अवलंबून. क्लबच्या बाकाचे प्रमाणपत्र कुठलेही खाते घेत नाही. ज्याच्या बापाची शेती नाही, दुकान नाही, त्याच्यासाठी एशियाड ही म्हातारपणापर्यंतची भाकरी असू शकते.

आमच्या वस्तीतलेच सांगतो. इथला एक मुलगा एका खासगी अकादमीत खेळतो. आई चार घरची धुणीभांडी करते. दोन वर्षांपूर्वी त्याची राज्याच्या वयोगट शिबिरासाठी निवड झाली. अकादमीने ना हरकत पत्र दिले नाही, कारण त्याच आठवड्यात त्यांची कुठलीशी लीग होती. त्या लीगच्या तीन सामन्यांत मिळून तो अकरा मिनिटे खेळला. त्याची आई आमच्याकडे करार घेऊन आली तेव्हा आम्ही तो पहिल्यांदा वाचला. इंग्रजीतली सात पाने. सातव्या कलमात लिहिले होते की, अकादमीच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही शिबिराला जाता येणार नाही. सही वडिलांची होती. त्यांना त्यातली एक ओळही वाचून दाखवली नव्हती.

म्हणून उपाय देशभक्तीच्या आवाहनात नाही, करारात आहे. तारखा कुणाला अचानक कळत नाहीत. जपानमधल्या आयची-नागोयाच्या एशियाडच्या तारखा, १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६, कितीतरी आधी जाहीर झाल्या होत्या. पुन्हा सप्टेंबर, पुन्हा लीगच्या तोंडावर! मग महासंघ लीगचे वेळापत्रक आखताना हे पंधरा दिवस आधीच का बाजूला काढत नाही? आणि सरकारनेही संघ पाठवायचा की नाही हे दोन महिन्यांवर आणून ठेवायचे नाही. क्लबांनी हंगामाची आखणी केल्यावर परवानगी देणे म्हणजे नसल्यासारखेच. क्लबला विम्याची भीती असेल तर तो खर्च महासंघाने उचलावा. पैसा नाही हे आम्हाला सांगू नका. राष्ट्रीय संघ म्हणजे राष्ट्राचा, तर जोखीमही राष्ट्राने घ्यावी. त्याबदल्यात परवाना घेणाऱ्या प्रत्येक क्लबला अट घालावी की, २३ वर्षांखालील जो खेळाडू मागच्या दोन महिन्यांत ठराविक मिनिटे खेळलेला नाही, त्याला देशाचे बोलावणे आल्यावर अडवता येणार नाही. ज्याची तुम्हाला गरज नाही त्याला कोंडून ठेवण्यात कसला व्यवसाय आहे?

आणि सगळ्यात आधी, खेळाडूचे मत लेखी घ्या. त्याला जायचे नसेल तर तोही त्याचा हक्क. दुखापत असेल, क्लबमध्ये जागा नुकतीच मिळाली असेल, ती गमवायची नसेल. तोही निर्णय त्याने घ्यावा, त्याच्या भाषेतल्या कागदावर. अठरा वर्षांखालच्या खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त असू नये, एवढी काळजी फिफाच्या नियमांनी घेतली आहे. ते तीन वर्षांचे कलमही आपल्याकडे किती पालकांना माहीत आहे?

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. २१ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे आयएसएलच्या सलामीच्याच दिवशी, बेंगळुरू एफसी कोचीत आपला पहिला सामना खेळत होती आणि तिचा कर्णधार छेत्री हांगझोऊत बांगलादेशविरुद्ध मैदानावर होता. ८५ व्या मिनिटाला त्याच्या पेनल्टीवर भारत १-० जिंकला. मग म्यानमारशी १-१ बरोबरी आणि २०१० नंतर प्रथमच बाद फेरी. तिथे सौदी अरेबियाकडून ०-२ पराभव. उरलेल्यांच्या यादीने एवढे केले. पूर्ण संघ, दहा दिवसांचे शिबिर आणि एक रात्र झोप मिळाली असती तर काय झाले असते, हे आम्ही सांगू शकत नाही. १९५१ आणि १९६२ ला एशियाडचे सुवर्ण जिंकणाऱ्या देशाला ते बघायची तरी संधी मिळायला हवी होती.

आमच्या वस्तीतला तो मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. अकादमीने नवा करार पाठवला आहे, या वेळी आठ पानांचा. सातव्या कलमाला लाल पेनाने खूण करून, शेजारी मराठीत दुरुस्ती लिहून, आम्ही तो वडिलांच्या सहीने परत पाठवला. तीन आठवडे झाले. अजून उत्तर नाही.